गप्प बसलेला पळस

मी झाडांचा वास मोजते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे अत्तराच्या कारखान्यात आहेस का?" आता काय कपाळ सांगू! अत्तर नाही बाप्पा. फुलाचाही वास नाही. काही झाडांच्या पानांतून उन्हाच्या वेळी एक वायू निघतो, त्याला आयसोप्रीन म्हणतात. आपल्या नाकाला तो कळतसुद्धा नाही. ऊन तापलं की पान तो सोडतं आणि त्याच्या जोरावर भाजण्यापासून वाचतं. काही झाडं सोडतात, काही नाही. असं का, हे कधी सुरू झालं आणि कुठे बंद पडलं, हा माझ्या पीएचडीचा विषय.

पोटापाण्यासाठी मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर रिकामटेकडी. उरलेल्या वेळात मेळघाटात पळसाच्या फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधत फिरते. पिशवीतली हवा नळीत भरायची, नळ्या अमरावतीला आणायच्या, प्रयोगशाळेतल्या यंत्राला लावायच्या. वायू असला की पडद्यावरची रेघ वर चढते. नसला की सरळ जाते. बस, इतकंच. इतक्यासाठी मी एसटीच्या खिडकीतून ओकाऱ्या काढत घाट चढले आहे.

हा नाद मला लावला माझ्या गाइड माधवी मॅडमनी. त्यांची उमेदीची वर्षं परदेशात ओकच्या झाडांमागे गेली. ओकाची गंमत त्यांनीच सांगितली. एकाच खानदानातली झाडं, पण काही आयसोप्रीन सोडतात, काहींनी ते टाकून राळेसारखे दुसरेच वास धरले, आणि काही तर दोन्ही बंद करून मोकळी झाली. सगळ्यांचा पूर्वज एकच. म्हणजे कोण्या जमान्यात, कोण्या डोंगरावर एक ओक असा उगवला असणार की ज्यानं बापजाद्यांची रीत मोडली. त्याची पिल्लावळ जगली, म्हणून आज तशी जात आहे. "पण तो पहिला ओक कोणीच पाहिला नाही, दीक्षा," मॅडम म्हणायच्या. "आपलं कायम वरातीमागून घोडं."

मी ज्या पळसांना पिशव्या बांधल्या ते सगळे एकजात बोलके निघाले. ऊन चढलं की रेघ वर. मला तर कंटाळा यायला लागला होता. मग मागच्या मे महिन्यात धारणीच्या अलीकडे, भिलावढाना नावाच्या वस्तीत, जमुना बेठेकर या बाईच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा पळस मोजला आणि रेघ सरळ गेली. मला वाटलं नळी गळते. दुसरी लावली. सरळ. शेजारच्या पळसाची रेघ मात्र व्यवस्थित चढली. ऑक्टोबरात पुन्हा गेले, पानाला दिव्याची ऊब देऊन मोजलं, तरी सरळच. मॅडमनी तो कागद हातात धरला आणि चष्मा काढून पुसत बसल्या. "वरातीच्या पुढे आलो गं आपण," इतकंच म्हणाल्या. मी त्या दिवशी अमरावतीच्या राजकमल चौकात एकटीनं दोन प्लेट कचोरी खाल्ली.

आता खरी कसोटी पुढे होती. एक झाड गप्प आहे म्हणजे त्यानं रीत सोडली असं होत नाही. त्याची पोरं गप्प निघाली पाहिजेत. पळसाच्या शेंगा मे संपता संपता पिकतात, एका शेंगेत एकच बी, तिच्या टोकाला. त्या बिया लावायच्या, रोपं वाढवायची, त्यांची रेघ पाहायची. रोपंही गप्प निघाली तर आपण ते पहिलं झाड पाहिलं. म्हणून माझा सगळा जीव त्या शेंगांमध्ये होता. झाड मे संपेपर्यंत उभं राहायला हवं, दुसरं काही नको.

बाबांना हे मी फोनवर सांगितलं. माझे बाबा, किसनराव सिरसाट. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त, अकोल्यात जठारपेठेत एकटे राहतात. आई, इंदूबाई, तीन वर्षांमागे गेली. बाबांना विज्ञानाचं फार कौतुक, पण समजावून सांगावं लागतं आणि मला धीर नसतो. त्या दिवशी मात्र एका झटक्यात समजलं त्यांना.

"मनजे सगळे पयस एक काम करत आले, अन् या एकानं सोडून देल्लं?"

"हाव."

"कोनी सांगतलं नाई, कोनी पढवलं नाई?"

"नाई बाबा."

"आगं, मंग हे तं छप्पनचं झाड हाय व!" बाबा खुशीत ओरडले. "माह्या बापानं छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तवा असंच केलं होतं. देव गाठोड्यात बांधले अन् मोर्णा नदीत नेऊन सोडले. भाऊबंद म्हने, किसन्या लहान हाय, देवी कोपन. माहा बाप म्हने, कोपू दे. काय झालं? मी सत्तर वर्साचा धडधाकट हाय का नाई?"

मी म्हटलं, बाबा, तुमची तुलना शास्त्रीय नाही. पण खरं सांगू, मला ती आवडली होती. मॅडमना सांगितली तेव्हा त्याही हसल्या.

फाल्गुनात भिलावढान्याला गेले तर जमुना हातात लांब बांबू घेऊन झाडाखाली उभी. पळसाच्या काळ्या कळ्यांचा खच पडला होता आणि ती वर अजून झोडपतच होती. माझ्या तोंडून शिवीच निघाली. कळ्या गेल्या तर शेंगा कुठून येणार?

जमुनेनं बांबू खाली केला. तिची बोली कोरकू, हिंदी, वऱ्हाडी अशी मिसळीची. म्हणाली, "मॅडम, तू चिल्लाव नको. हा सफेद पळस आहे. रोडवरून दिसला तर कोई ठेवन नाही याला." तिचा सासराही दर साल कळ्या झोडपायचा. तो गेल्यावर ही झोडपते.

पांढऱ्या फुलांचा पळस! तो आमच्या विदर्भात कुठे दिसला की त्याची गत काय होते ते मला माहीत होतं. साल घरात ठेवली की बरकत येते म्हणतात. मुळी उगाळून डोळ्यात घातली की जमिनीतला मोहरांचा हंडा दिसतो म्हणतात. अमावास्येला खणली पाहिजे, उघड्या अंगानं खणली पाहिजे, काय काय! गुप्तधनाचं वेड लागलेली माणसं येतात, झाड सोलून नेतात आणि हंडा काही कोणाला सापडत नाही. रंगाचा आणि वायूचा काही संबंध होता, की नुसता योगायोग, हेही त्या बियांनीच सांगितलं असतं.

जमुनेनं आणि मी तोड काढली. रस्त्याकडच्या फांद्या तिनं झोडपल्या. शेताकडची एक फांदी माझ्यासाठी राखली. ती फुलली तेव्हा मी मुद्दाम गेले. सायीच्या रंगाची फुलं होती. त्या फांदीखाली उभी राहून जमुनेकडून मी एक फोटो काढून घेतला आणि एकट्या बाबांना पाठवला. खाली लिहिलं, कोणाले दाखवू नका. बाबांनी अंगठा पाठवला. आता तुम्ही म्हणाल पाठवायचाच कशाला? अहो, आई नाही. आनंद झाला तर माणसानं कोणाला सांगावं?

जयंतीला अकोल्याला गेले. चौदा एप्रिलला आमची गल्ली ओळखू येत नाही, निळ्या पताका, डीजे, पाण्याचे कॅन, पांढऱ्याशुभ्र साड्यांतल्या बाया. ऑटोवाल्यानं चौकात सोडलं आणि मी वर पाहिलं तर मीच! आख्ख्या चौकभर फ्लेक्स. एका बाजूला बाबासाहेब, एका बाजूला बुद्ध, मधे मी आणि माझ्या डोक्यावर पांढऱ्या फुलांची फांदी. 'मेळघाटातील अतिदुर्मिळ पांढऱ्या पळसावर जागतिक संशोधन केल्याबद्दल कु. दीक्षा किसनराव सिरसाट हिचे हार्दिक अभिनंदन!' आणि माझ्या खांद्यामागे, रस्त्याच्या कडेला, निळी पाटी. तिच्यावर अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, भिलावढाना.

फ्लेक्सखाली बाबा उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळा दुपट्टा, लोक येऊन हातात हात देतात आणि हे मान डोलावतात. बेबीताई, आमची शेजारीण, मला मिठीच मारायला धावली. "किसनभाऊ आठ दिवसांपासून झोपले नाईत व! फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून तुहा फोटो मोठा करून घेतला."

मी बाबांना हाताला धरून गल्लीत ओढलं. "बाबा, म्या काय लिहिलं होतं? कोणाले दाखवू नका म्हटलं होतं ना?"

"म्या कुठी कोनाले दाखवला?" बाबा खरंच गोंधळले. "हे तं सगळे आपलेच मानसं हायेत."

"चौकात लावला तुमी!"

"मंग? चौक आपलाच ना?"

"अवो, पांढरा पळस आहे तो! लोक गुप्तधनासाठी खणून नेतात!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू भूतखेताची गोष्ट सांगते आहे. "आपन कुठी मानतो असलं?"

"आपण नाही मानत. लोक मानतात ना!"

बाबांनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला. मग हळूच म्हणाले, "माह्या डोक्यातच नाई आलं व. कोनी अजून मानत असन, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

आणि ते खरं होतं. ज्या घरातून देव गेले, नवस गेले, अंगारे-धुपारे गेले, त्या घरात हे वाढले. सत्तर वर्षांत कोणी त्यांच्यासमोर लिंबू कापला नाही. पांढरा पळस म्हणजे त्यांच्या लेखी एक पळस आणि त्याच्याखाली उभी असलेली त्यांची लेक. रागानं माझं डोकं फुटायची पाळी आली होती, पण भांडू कोणाशी? शहाणपणासाठी बापाशी भांडणार का?

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरवला. बाबांनी स्वतः शिडी लावली. पण फोटो तोवर कुठल्या कुठे गेला होता. गल्लीच्या ग्रुपवरून नातेवाइकांच्या, तिथून नोकरीवाल्यांच्या, तिथून कोणाच्या. मला मूर्तिजापूरच्या एका अनोळखी माणसाचा अभिनंदनाचा मेसेज आला. शेवटी विचारलं होतं, ताई, रस्ता धारणीकडून जवळ पडेल की परतवाड्याकडून?

मी जमुनेला फोन लावला. ती म्हणाली, मी पाहते. ती काय पाहणार होती? नवरा वीटभट्टीवर बाहेरगावी, घरात म्हातारी सासू. वनखात्याच्या एका माणसाला मी फोनवर विनवण्या केल्या. तो भला होता, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, झाड मालकीच्या धुऱ्यावर आहे. जंगलात असतं तर काहीतरी केलं असतं." पोलिसांकडे गेले तर तिथे विचारलं, झाडाला काही झालं आहे का? अजून नाही. मग झाल्यावर या.

झाल्यावर जमुनेचाच फोन आला. "मॅडम, तू ये. झाड छिलून टाकला."

मी बाबांना सांगायला नको होतं, पण आवाज फुटला आणि त्यांना कळलं. ते अकोल्याहून थेट परतवाड्याच्या स्टँडवर येऊन उभे. "मी बी येतो," म्हणाले. एसटी घाट चढायला लागली. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि मनात त्यांना इतकं टाकून बोलत होते की माझी मलाच लाज वाटत होती.

झाड उभं होतं. पण हाताच्या उंचीपर्यंत खोडावर साल म्हणून नव्हती. सगळीकडून गोल काढलेली, आतलं लाकूड ओलं, लालसर, उघडं पडलेलं. बुंध्याभोवती माणूस बसेल एवढा खड्डा आणि त्यात तोडलेल्या मुळांची टोकं. जवळच हळद, कुंकू, फोडलेला नारळ. शेताकडच्या त्या फांदीवर मात्र शेंगा होत्या. हिरव्या, चपट्या, लव असलेल्या. त्यांना अजून पुष्कळ दिवस पाहिजे होते.

बाबा खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली, दोघं जण उतरून आले, चांगले शिकलेले दिसत होते. एकानं फोन पुढे केला. "हेच का ते झाड? थोडी साल उरली आहे का हो?" फोनवर आमचा फ्लेक्स. बाबासाहेब, बुद्ध, मी. त्यानं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम आदरानं हात जोडले. "अरे, मॅडम, तुम्हीच! एक फोटो घेऊ का तुमच्यासोबत?"

मी त्याच्या अंगावर धावून गेले. जमुनेनं मला धरलं नसतं तर काय केलं असतं कोण जाणे. ती माणसं पळाली. मागे वळून पाहिलं तर बाबा खड्ड्यात उतरून दोन्ही हातांनी माती लोटत होते, तोडलेल्या मुळांवर. इस्त्रीचा शर्ट, सत्तरीचं अंग, आणि तोंडानं चालू होतं, "चूक झाली बापा, चूक झाली." ते माझ्याशी बोलत होते का झाडाशी, मला समजलं नाही. मीही खाली उतरले आणि माती लोटायला लागले. मग मला रडूच आवरेना.

झाडाची साल गोल काढली की काय होतं ते मी दरवर्षी मुलांना शिकवते. मुळं पाणी वर पाठवतात, पण पानांनी केलेलं अन्न खाली उतरू शकत नाही. मुळं उपाशी मरतात. झाड मात्र काही दिवस हिरवं दिसतं, नवीन पालवीसुद्धा फोडतं, साठवलेल्यावर. मी फळ्यावर आकृती काढते आणि मुलं वहीत उतरवतात. तिथे धुऱ्यावर बसून मला तो धडा पाठ म्हणता येत होता आणि करण्यासारखं काही म्हणजे काही येत नव्हतं.

बाबा परत यायला तयार नव्हते. जमुनेच्या ओसरीत राहिले. शेण आणि काळी माती कालवून त्यांनी खोडाला लेप दिला, वर गोणपाट बांधलं. सकाळ-संध्याकाळ हातपंपावरून डबे भरून आणायचे आणि बुंध्याला ओतायचे. जमुना म्हणायची, "बाबा, तुझी कंबर जाईल." बाबा म्हणायचे, "जाऊ दे." कोणी साल मागायला आलं की हातात काठी घेऊन उभे राहायचे. असले लोक येतच होते. एक बाई तर आजारी नातवासाठी आली होती, तिला हाकलून दिल्यावर बाबा सगळा दिवस जेवले नाहीत.

मी सुट्टी मिळेल तशी जाऊन येत होते. मेच्या सुरुवातीला पळसाला पालवी फुटली. बाबांचा फोन, नुसता आनंद. "दीक्षा, पानं आले व! तांबडे, इवले इवले! जगलं तुहं झाड!" मी म्हटलं, हो बाबा. दुसरं काय म्हणणार? माधवी मॅडमना सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आशा शेंगांची ठेव, झाडाची नको. तेवढे दिवस निघाले तर पुरे." मी तीच आशा ठेवली. बिया पिकू दे, मग झाड गेलं तरी चालेल, असा क्रूर हिशेब मी रोज मनात करत होते आणि बाप बिचारा पाणी ओतत होता.

दिवस निघाले नाहीत. त्या वर्षी ऊन असं पेटलं की हातपंपाचा दांडा धरवत नव्हता. मे अर्धा सरला आणि शेंगांच्या कडा वळायला लागल्या. मी पोचले तेव्हा निम्म्या गळून पडल्या होत्या. जमुनेनं त्या सुपात गोळा करून ठेवल्या होत्या. एक फोडली. टोकाला बी म्हणून एक पातळ कातडी होती, बोटानं दाबली तर आत काही नाही. दुसरी फोडली. तिसरी. जमुना माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी सूप बाजूला सारलं. तिनं ते उचलून आत नेलं.

पानं अजून होती. मोठी झाली होती, थोडी मलूल. आलेच आहे तर शेवटचं मोजून घ्यावं म्हणून मी फांदीला पिशवी बांधली, नळ्या भरल्या. बाबांनी पिशवी धरायला हात लावला. मी त्यांना म्हटलं, आता चला माझ्यासोबत, अंघोळ करा, दाढी करा, डॉक्टरला कंबर दाखवू. एका दिवसाच्या बोलीवर ते कबूल झाले. झाडाला पाणी घालण्याचं काम जमुनेवर सोपवून आले.

अमरावतीला पोचल्यावर मी आधी प्रयोगशाळेत गेले. बाबा सोबतच होते. चपला दाराबाहेर काढून आत आले, खुर्चीच्या काठावर बसले. एवढी वर्षं लेक काय करते ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मी यंत्राला नळी लावली. पडद्यावर रेघ निघाली, सरळ. मला वाटलं होतं तशीच.

आणि मग ती उठली. उठली ती वर चढत गेली, शेजारच्या कुठल्याही पळसापेक्षा उंच.

मी दुसरी नळी लावली. तीच गत. हे झाड गप्प नव्हतंच का? म्हणजे रीत त्यानं सोडलेली नव्हती, नुसती मनात ठेवली होती? आजवर त्याच्या मुळाला पाणी होतं, अंगावर साल होती, म्हणून त्याला आवाज काढायची वेळच आली नव्हती? की मरताना झाड काहीही करतं, त्याचा अर्थ लावूच नये? ते पहिलं झाड होतं की साधंच होतं? याचं उत्तर बियांत होतं आणि बिया सुपात होत्या, पोकळ. मला आता हे कधीच कळणार नव्हतं. मला नाही, मॅडमना नाही, कोणालाच नाही.

"दीक्षा!" बाबा खुर्चीतून उठले होते, बोट पडद्याकडे. "रेघ वर आली व!"

"हाव बाबा."

"मनजे हाय ना जीव?" त्यांचे डोळे भरून आले होते. "तुह्या आईच्या वक्ताले मी असाच टीव्हीपुढं बसलो होतो दवाखान्यात. तिची सरळ झाली थे झालीच, मी पायतच रायलो, वर आलीच नाई. हे पाय कशी आली! जगते व थे, जगते!"

बाबांनी घाईघाईनं खिशातून फोन काढला. बेबीताईला लावणार होते, मला समजलं. बोटं नंबरावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अपराध्यासारखं, आणि फोन परत खिशात घातला.

"नाई," ते म्हणाले. "नाई सांगत. या खेपेले कोनालेच नाई सांगत. तू म्हनशीन तवाच."

यंत्र चालूच होतं.

"सांगा ना बाबा," मी म्हणाले. "ज्याले सांगायचं त्याले सांगा. आता काही नाई होत."

बाबांचा हात खिशाकडे गेला. मग त्यांना कळलं, लपवून ठेवावं असं आता काही उरलं नव्हतं. हात तसाच खिशावर राहिला आणि ते खुर्चीवर बसले.